दहा नंबरचं पायताण

चप्पल लाईनीत व्हटकरांनी विचारलं,
"मालकांचा नंबर काय?"
दहा, म्हटलं.
असा कुणी मालक नाही, हे त्यांना सांगायचं कारण नव्हतं.
दहा नंबर म्हणजे दांडगा गडी,
कूस बदलली तर गाडी हलावी असा.
"कापशी देऊ? करकर वाजणारं?"
द्या. वाजलेलं बरं.
पाय नसताना ते वाजणार कसं,
हे गंगावेशीत आल्यावर ध्यानात आलं.

फेजिवड्याच्या वर एक सपाट वळण आहे.
उजेड असतानाच पोचायचं.
आधी उतरून बघायचं, चर कुठं, दगड कुठं.
गाडीचं तोंड रस्त्याकडं.
किल्ली जागेवर, झोपेतही हात पोचेल अशी.
भाकरीचा डबा घट्ट लावायचा,
ठेच्याचा वास अस्वलापर्यंत जाऊ नये.
काचांना आतून चादरीचे तुकडे,
आणि काच दोन बोटं खाली:
वारा येईल, मनगट येणार नाही.
बोनेटवर चढलं की रेंजची एक कांडी मिळते.
तेवढ्यात राजारामपुरीत कुमुदला कळवायचं, "तीन नंबरची जागा."
सकाळी सातला, "उठले."
सव्वासातपर्यंत नाहीच आलं
तर कुणाला फोन लावायचा, ते तिच्या फ्रिजवर चिकटवलंय.

मग शेवटी, ड्रायव्हरच्या दाराखाली,
बोटं बाहेर करून
ती जोडी.

एवढं करून जायचंच कशाला, कुमुद विचारते.
अगं, आठवडाभर बँकेत काचेमागंच बसते मी.
त्या काचेलाही दोनच बोटांची फट.
तिच्यातनं दिवसभर लोकांच्या नोटा येतात.
हिच्यातनं रातकिडे.

पावणेदोनला पावलं.
कुत्र्याची वेगळी, माणसाची वेगळी.
बॅटरीचा उजेड चादरीच्या कडेनं शिरला,
खाली उतरला,
पायताणावर थांबला.
थांबलाच.
मी खोकले, आमच्या अप्पांसारखं, छातीतनं.
निघालं ते करडू.

बाहेर काहीच नाही.
मग कुणीतरी म्हणालं,
"दादा, गवं उतराल्यात पाण्याला.
वाटंतच हाय तुमची गाडी.
वर देवळाम्होरं लावा, दिवा हाय तिथं.
हॉर्न तेवढा वाजवू नका.
मी बिरू झोरे, वरल्या धनगरवाड्यातला."

खोटी नोट मला अंगठ्याला कळते.
अंधारातल्या आवाजाला अंगठा कुठं लावायचा?
मी दार उघडलं नाही.
चादर खेचली, किल्ली फिरवली.
तो रस्त्यापल्याड पाठ करून उभा होता,
कुत्र्याच्या मानेवर हात.
वळताना खाली पाण्याकडं बघितलं:
काळोखच चालत होता,
गुडघ्यापर्यंत पांढरे पाय असलेला.
पायताण तिथंच राहिलं.

देवळापुढं डोळा लागला तो चुकून लागला.
टकटक झाली तेव्हा उन्हं बोनेटवर,
आणि बोनेटवर जोडी, दवानं काळी पडलेली.
बिरू झोरे चार हात लांब,
पोरसवदाच, दुधाची किटली घेतलेला.
"दादांचं ऱ्हायलं खाली," म्हणाला.
गाडीत वाकून बघितलं नाही.
"अनवाणीच झोपल्यात जणू."

मी काचेच्या फटीतनं हसले.
तोही हसला, जमिनीकडं बघत.
"कोरं हाय. अंगठा बसला न्हाई अजून त्यात.
आमाला दिसतंय ते.
चार दिस घालून हिंडा, घाम मुरू दे.
मग कुणाच्या बाला कळायचं न्हाई."
किटली या हातातनं त्या हातात घेऊन
उतरून गेला.

सात वाजून तेरा मिनिटं.
आधी कुमुदला "उठले."
मग पाय घातले.
दोन्ही पाय एकातच मावले असते.
देवळापासून हापशापर्यंत गेले
करकर, करकर,
आणि परत.