चटणीची पावती

शुक्रवारी संध्याकाळी पद्मजाचा फोन.
पोचलो, म्हणाली, पण उतरता येत नाही.
बेटाचं नाव मी दोनदा विचारलं,
तरी जिभेवर बसलं नाही.
नांगर टाकलाय, दोरीवर पिवळं चढवलंय,
पिवळं म्हणजे आम्ही परके,
अजून न तपासलेले.
खरा झेंडा वादळात गेला, म्हणून
आईनं दिलेला टॉवेल बांधलाय,
आपल्या अक्कलकोट रोडच्या कारखान्यातला.
भिजला की फडकत नाही, नुसता लोंबतो.
आता सोमवारपर्यंत असंच.
सही करणारा सुटीवर आहे.

सही करणारा सुटीवर आहे.
हे वाक्य मी एकतीस वर्षं बोललो,
हैदराबाद रोडच्या जकात नाक्यावर,
पत्र्याच्या खोलीत, खिडकीतून मान बाहेर न काढता.

होडी चौतीस फूट, असं ती मागे म्हणाली होती.
मी गल्लीत पावलांनी मोजून पाहिली,
विजेच्या खांबापासून बोल्लींच्या पिठाच्या गिरणीपर्यंत.
यमूल ओट्यावरून ओरडला,
काय मोजलालाव अण्णा, जकात परत बसवलालाव का?
एवढ्याशा जागेत दोन माणसं आणि दोन महिने.
टाकीतलं पाणी मापानं.
ते मात्र तिला कुणी शिकवलं नसणार;
पाचव्या दिवशी नळ येणाऱ्या घरातली पोर,
तांब्याभर पाण्यात केस धुवायची.

रात्री झोप लागेना.
उमरग्याहून आलेला एक टेम्पो आठवला.
शिलाई मशीन, दोन पेट्या, गाद्या,
गाद्यांवर झोपलेलं पोर.
घरसामान आहे साहेब, विकायचं नाही.
मी पोत्यात सळई घालून पाहिली. तांदूळच होते.
तरी म्हणालो, सकाळी या, शिक्का साहेबांकडे.
त्यानं पाणी मागितलं.
मी नळाकडे बोट केलं.
नळ कोरडा होता, हे मला माहीत होतं.

सोमवारी एक नाही, चार जण आले,
लाकडी बोटीतून, बूट हातात घेऊन.
पहिल्यानं ताप आहे का विचारलं.
दुसऱ्यानं फळ्या उघडल्या, डबे उघडले,
कांदे घेतले, लसूण घेतला, मधाची बाटली घेतली.
तिसऱ्यानं दारू मोजली आणि इंजिनाचा नंबर उतरवला.
चौथा नुसता पासपोर्टातल्या फोटोकडे बघत राहिला;
फोटोत पद्मजा गोरी आहे,
आता उन्हानं भाजून पार माझ्यावर गेलीय.
कागद इतके, की बाबा, तुमची आठवण आली, म्हणाली.
हे कौतुक होतं की काय, मी विचारलं नाही.

आणि शेंगाचटणी?
आतून हिची हाक.

चटणी नेली.
शेंगदाणे चालत नाहीत, बी आहे म्हणाले.
तिनं सांगितलं, भाजलेत, कुटलेत, यातून काही उगवणार नाही.
तो म्हणाला, ताई, मला कळतं, पण कागदाला कळत नाही.
हिंदीत म्हणाला. त्याच्या पणज्याला कुणीतरी
जहाजात घालून तिकडे नेलेलं, ऊस तोडायला.
त्याला तेव्हा कुणी काय विचारलं असेल,
सोबत काय आणलंस म्हणून?
मग त्यानं पुडा नाकाशी नेला,
जरा जास्तच वेळ,
आणि पिशवीत टाकून सील केलं.

टॉवेल उतरवला.
त्या देशाचा छोटा झेंडा वर गेला.
ती जमिनीवर उतरली तर जमीनच हलायला लागली,
धक्क्यावर बसून हसत होती म्हणे.

पावतीचा फोटो पाठवलाय मला.
हिनं चष्मा आणून दिला.
शेंगदाणा चटणी, दोनशे दहा ग्रॅम, नष्ट करण्यासाठी ताब्यात.
तारीख, वेळ, नाव, सही, सगळं जागच्या जागी.
एवढ्याशा चटणीची पावती.
आम्ही मोठ्या मालाचीही
नेहमी देत नव्हतो.

शिक्का थोडा तिरका पडलाय.
सुटीवरून आला असेल.
मी फोटो मोठा करून
पुन्हा एकदा बेरीज तपासली,
एकच आकडा होता तरी.