बोंगू मानवतला येतो

निळ्या लोकरीचा, एकाच दाताचा.
मूळ गावी त्याचं नाव काय होतं
ते आमच्या कुणाच्याच जिभेवर बसेना,
म्हणून पुण्याच्या स्टुडिओत बारसं झालं : बोंगू.
लापशी काढून वरणभात दिला,
आजोबांची टोपी बदलली,
तोंडाची उघडझाप मोजून मोजून
मी त्याच्या प्रत्येक जांभईत एक मराठी अक्षर कोंबलं.

मग कॅसेट, टीव्ही आणि सात रकान्यांचा कागद देऊन
मला धाडलं मानवतला,
जिनिंगच्या मागच्या अंगणवाडीत,
मुलं कुठं हसतात, कुठं उठून जातात,
कुठं नाक खाजवतात, ते टिपायला.

गिरामबाईंनी सतरंजी झटकली.
एकवीस मुलं.
दारात एक शेळी, ती मोजली नाही.

बोंगूनं दात घासायला घेतला.
दात एकच, तरी गाणं लांबलं
आणि नळ तसाच सुरू.
दुसऱ्या कडव्याला जुबेर उठला,
सरळ चालत गेला, काचेवर बोटं टेकवून
तोटी पिरगाळायला लागला.
"बंद व्हईना बाई," म्हणाला,
"अन् आज तर टँकरबी नाही."
छापील रकाना होता : मुलांचा सहभाग.
मी लिहिलं, उत्तम.
लिहून झाल्यावर लाज वाटली.

वरणभाताला कुणी हूं की चूं केलं नाही.
"ते आजारी हाय का?" एवढंच एकानं विचारलं.
भाकर म्हणा की, गिरामबाई म्हणाल्या.
मी खोडून भाकर लिहिलं,
तर तांड्यावरची जमना,
सकाळपासून एक शब्द न बोललेली,
हळूच म्हणाली, "बाटी."
तिच्या घरी ती बाटीच.
आईसुद्धा आई नाही, याडी.
ज्या भाषेत मी बोंगूला उचलून आणलं
ती जमनालाही परगावचीच होती,
तीही ओठांची उघडझाप बघत बघत
शिकत होती.

शेवटचा भाग बर्फाचा.
वरून आधीच शेरा : संदर्भ अपरिचित, वगळावा का?
पडद्यावर पांढरे ढीग,
लाल टोपड्यांची पोरं धावत येऊन
धाडकन आत उडी घेतात.
"कापूस!" सगळी एकदम ओरडली.
सत्वी तेवढी गुडघे आवळून बसली.
तिचे आईबाप दोघंही जिनिंगवर.
"उतरा म्हणा त्यायला," ती म्हणाली,
"मुकादम येईल ना."

तेवढ्यात लाईट गेली.
मुलं टीव्हीच्या मागं जाऊन
बोंगूला शोधून आली.

सातवा रकाना : इतर सूचना.
जे ऐकलं ते सगळं लिहिलं, शब्दाला शब्द.
कागद पुरला नाही, पाठीमागं लिहिलं.

वर्षानं पक्की कॅसेट आली.
ऐकलं होतं त्यांनी, नाही असं नाही.
नळ पहिल्याच कडव्यात बंद.
भाकर होती, चुलीवरची, टम्म फुगलेली.
बाटी नव्हती.
एका देशाला एकच शब्द परवडतो, असं पत्रात होतं.
आणि बर्फाच्या जागी कापूस,
खराखुरा, गाडीभर,
त्यात बोंगू कोलांट्या मारत होता,
निळ्याचा पांढरा झालेला.
मुकादम कुठंच नव्हता.

मुलं खिदळली.
पहिलीत गेलेली सत्वी मुद्दाम आली होती बघायला.
ती पडद्याकडं बघतच नव्हती,
दाराकडं बघत होती.