हातचा एक

लाइलने पिवळ्या कागदावर उभी रेघ ओढली
आणि म्हणाला, ही नदी.
डावीकडे ऑरेगन, उजवीकडे वॉशिंग्टन.

इकडे विक्रीकर नाही,
एक डॉलरची सुई एक डॉलरलाच मिळते;
पण पगार हातात पडायच्या आत
राज्य आपला घास काढून घेतं.
तिकडे पगाराला कुणी शिवत नाही,
मात्र बादली घ्या, बूट घ्या, शवपेटी घ्या,
बिलाच्या तळाशी आणखी एक ओळ असतेच.

आपण अशा किती बादल्या घेणार?
म्हणत लाइल उजवा रकाना भरत सुटला.

मी विचारलं,
तुझं इस्पितळ कुठल्या काठावर आहे?

पेन्सिल थांबली.
बावीस वर्षं तो पोर्टलंडला लिफ्ट दुरुस्त करतोय.
काम इकडे तर प्राप्तिकरही इकडेच,
झोपा तुम्ही कुठल्याही काठावर.
त्याने खोडरबर शोधलं.
म्हणजे निवृत्तीपर्यंत पाच वर्षं
इकडचा कर आणि तिकडची बादली,
दोन्ही.

तरी रविवारी आम्ही घर पाहायला गेलो.
रेघ एकदा ओढली
की पलीकडे डोकवावंसं वाटतंच.

मिसेस ऑस्ट्रँडरनी कॉफी केली,
तळघरातल्या पंपाच्या खडखडाटाबद्दल माफी मागितली.
कुठून आलात? आम्ही सांगितलं.
अगं बाई, मी तिकडेच चाललेय!
आणि फ्रिजवरच्या चुंबकाखालून
त्यांनीही एक कागद काढला.
मधोमध उभी रेघ.

दरवर्षी पत्र येतं, त्या म्हणाल्या,
तुमचं घर महागलं, घरपट्टी वाढली.
मी तर काहीच केलं नाही, नुसती राहिले त्यात.
तुमच्याकडे घरपट्टी निदान मोजून पावलं टाकते.
आता विकायचं म्हटलं
तर विकणारीकडूनच राज्य निरोपाचा हिस्सा घेणार.

दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.
तेच आकडे, तीच नदी,
उत्तरं मात्र एकमेकांकडे पाठ करून उभी.

मग त्यांनी चष्मा चढवला,
लाइलच्या बेरजेवर बोट टेकवलं:
इथे हातचा एक राहिलाय.
तिसरीला एकतीस वर्षं गणित शिकवलं मी,
हातचा राहिला की पोरांची मान आपोआप खाली जाते.
लाइलची गेली.
एक म्हणजे एक हजार, वर्षाला.
आणि तोही आमच्या विरुद्ध.

निघताना दारात मी विचारलं,
तुम्ही मग खरंच या हिशेबासाठी जाताय?
छे, हा कागद मुलाला दाखवायला.
ग्रेशमला माझी बहीण आहे, तिला जिना चढवत नाही,
आणि मला एकटीपुरता स्वयंपाक करवत नाही.
ते कुठल्या रकान्यात घालू सांग.

परतताना पूल उघडला.
एक बार्ज सावकाश जात होता, लाकडाच्या भुशाने भरलेला,
आणि आम्ही नदीवर अडकलेलो, इंजिन बंद करून.
कुठल्या राज्यात होतो कोण जाणे.

तुझा कागद कुणाला दाखवायला होता?
मी विचारलं.

लाइल बराच वेळ बार्जकडे पाहत राहिला.
बावीस वर्षं नुसता वर-खाली करतोय, तो म्हणाला.
एकदा आडवं जावंसं वाटलं.

पूल खाली आला. मागच्याने हॉर्न दिला.
मला त्या घरातला पंप आठवला,
आणि अंगणात कुणीतरी अर्धवट रंगवून सोडलेलं कुंपण.

वॉशिंग मशीन निदान अलीकडेच घेऊन ठेवू, मी म्हणाले.
तिकडे नेलं की त्यावरही कर भरावा लागतो,
लाइल म्हणाला.

मग भरू.