मुरलेलं

किबुये. रात्रीचे अकरा. वीज गेली होती, आली.
देवोता पुन्हा पडद्यावर तळं मांडते:
एक बाण पाण्याचा, दोन बाण वायूंचे,
मधे एक उभी टाकी, जी अजून कुठेच नाही.

खोली साडेतीनशे मीटर. दाब पस्तीस बार.
तापमान पंचवीस, पाणी खारट, नोंद करा.
कुठली पद्धत वापरू? सॉफ्टवेअर विचारतं,
सुटे आहेत का, असं दुकानदार विचारतो तसं.

आधी तिनं आदर्श निवडली.
आदर्श पाण्यानं सगळंच पोटात घातलं.
दाब उतरवला, अजून उतरवला,
एक बुडबुडा वर येईना.
इतकी क्षमा कुठल्याच पाण्यात नसते.

मग हेन्रीचे आकडे. एकेका वायूला
नाव घेऊन सांगावं लागतं:
तू इथला नाहीस, पाहुणा आहेस,
दाब असेल तोवर राहा.

तिसावी फेरी. ताळा जुळत नाही.
कुठेतरी पाणी मुरतंय, म्हणावं
तर इथे पाण्यातच कुणीतरी मुरलेलं,
हजार वर्षं, आवाज न करता.

गेल्या महिन्यात तराफ्यावरून नळी सोडली होती.
पंपानं एकदाच ओढलं, मग पाणी आपणहून आलं,
फसफसत, सोड्यासारखं, थांबेचना.
सगळे हसले. तीही.
मग तिला काकाच्या शेळ्या आठवल्या,
पलीकडे, गोमाजवळच्या खड्ड्यात,
पाय दुमडून, झोपल्यासारख्या.
मझुकू, म्हणाला होता काका. वाईट वारा.
वास नसतो त्याला. रंगही नसतो.
घटकांच्या यादीत तो आहे, तिसरा,
तिथे त्याचं नाव मझुकू नाही.

बाबा जाळी घेऊन निघालेत.
दारातून डोकावतात: हे आपलं तळं?
हो.
यात साम्बाझा कुठे पोहतात?
वरच्या पन्नास मीटरांत, ती म्हणते.
ते मी काढलेलेच नाहीत.
बाबा मान हलवतात, कंदिलात तेल बघतात.

एक्केचाळिसाव्या फेरीत जुळलं.
वर इतका मिथेन, खाली उरलेलं इतकं.
फाइलचं नाव: शेवटचं, खरंच शेवटचं, सात.

खिडकीखाली तीन होड्या एकत्र बांधून
कुणीतरी शीळ घालत आत चाललंय.
दिवे लहान होतात.
ती उरलेल्याचा आकडा पुन्हा वाचते.
त्याला एकक द्यायचं राहिलंय.