शेरा

ऑफिसच्या खिडकीतून हात आत आला
तो निताई माइतीचा.
नखांच्या कडा काळ्या, अंगठ्याला फुंकणीचा जुना चटका,
आणि प्लास्टिकच्या पिशवीत
मुलीची मार्कलिस्ट, बंगालातल्या घाटालची.

झुमा मागं उभी. वेणीचं टोक मुठीत धरून
अकरावीच्या फीचा बोर्ड वाचत होती,
म्हणजे नुसती बघत होती.
अक्षरं अजून तिच्याशी बोलायला लागली नव्हती.

गणितात एकतीस.
तिकडं पंचवीसला पास.
शेजारी 'सी' छापलाय, निवांत,
जेवून ओट्यावर बसल्यासारखा.
माझ्या फॉर्ममध्ये पस्तिसाच्या खाली काही टाकलं
की चौकट लाल होते
आणि पुढचं पान उघडत नाही.

"इथले किती होतात, मॅडम?"
गुजरीत सोळा वर्षं काढलेला माणूस,
सोनं आटवलं की घट किती येते, तोंडपाठ.
त्याला वाटतं इथंही असेल एखादा काटा,
तिकडचं पारड्यात टाकलं
की इकडचं वजन सांगणारा.

काटा नाही हो.
मी निपाणीची. इथनं चाळीस किलोमीटर.
सहाशे पंचवीसपैकी तीनशे ऐंशी घेऊन
एस.टी.नं आले होते एकटी,
आईनं ऑफिससाठी पेढे बांधून दिलेले.
तेव्हाचे रेंदाळकर क्लार्क, पेढा गालात ठेवून,
"आपल्याकडं साडेसहाशे असत्यात, पोरी,"
म्हणाले आणि भागाकार केला.
अठ्ठावन्न पूर्णांक शेहेचाळीस. सेकंड क्लास.
मी गप्प बसले. पेढा गोड होता म्हणाले ते.

कोगनोळी नाक्याच्या अलीकडं की पलीकडं,
सव्वादोन टक्के कुठं सांडले
आजवर कळलं नाही.
बस तिथं थांबली की अजून
नजर सीटखाली जाते.

तर एकतीस.
पेन्सिलनं त्याच्यापुढं अधिक चार मांडले.
चार. कुणाच्या बापाचं काय जातंय.
बेरीज बरोबर आली,
आणि मग ती मुलीच्या तोंडाकडं बघवेना.
खोडलं. पुन्हा मांडलं. पुन्हा खोडलं,
कागद पातळ होईपर्यंत.

शेवटी कोरा फॉर्म घेतला, हातानं भरायचा.
तळाला शेऱ्याचा रकाना असतो,
अकरा वर्षांत मी तिथं फक्त रेघ मारत आले.
त्यात लिहिलं:
'त्यांच्या बोर्डाच्या नियमानं उत्तीर्ण.
गुण एकतीसच आहेत. एकतीसच वाचावेत.'
शिक्का मारला, जरा जोरातच.
प्राचार्य काय म्हणतील, ते सोमवारी.

निताईनं फॉर्म घेतला नाही लगेच.
खिडकीच्या फळीवर खोडरबराचा चुरा पडला होता,
त्यानं तळव्याच्या कडेनं तो हळूच गोळा केला,
कागदाच्या कपट्यावर घेतला, पुडी बांधली,
खिशात घालताना थबकला, लाजला.
"सवय," म्हणाला. "आमच्यात केर टाकत नाहीत."

झुमा हसली तेव्हा.
पुडी त्यानं परत ठेवली नाही.