एक्केचाळीस सेकंद

बाबा होडीला डांबर लावताहेत.
राहेच्या किनाऱ्यावर, जूनमधल्या
न काळोखणाऱ्या रात्री,
उलट्या होडीच्या पाठीवरून ब्रश
जातो, येतो.
अकरा मिनिटांत एवढंच घडतं.

ते गेल्यावर आलेल्या हिवाळ्यात
मी तो व्हिडिओ सगळ्यांसाठी चढवला.
दुसऱ्या दिवशी निरोप :
सहाव्या मिनिटापासून एक्केचाळीस सेकंद
आवाज बंद करण्यात आला आहे.
खिडकीत रेडिओ होता,
रेडिओवर जुना वाल्ट्झ होता,
आणि वाल्ट्झला मालक होता.

आता माझे बाबा, ताउनो,
म्हणजे अबोल गावातले महाअबोल.
लग्नातही म्हणे त्यांनी नुसती मान हलवली,
पाद्रीबुवांना दोनदा विचारावं लागलं.
अकरा मिनिटांत ते एकदाच बोलले,
आणि नेमके त्या एक्केचाळीस सेकंदांत.

थंडर बेहून आत्याने विचारलं :
ओठ हलताना दिसतात गं, काय म्हणतोय तो?

चुलतभाऊ इल्मारी म्हणाला,
गाणं अर्धा सूर वर सरकव, यंत्राला कळत नाही.
सरकवलं.
बाबा एखाद्या चिडलेल्या पोरासारखे बोलू लागले.
पुसून टाकलं.
मग म्हणाला, खाली लिही, हक्क मूळ मालकाचे.
म्हणजे शेजाऱ्याची गाय दोहायची
आणि गोठ्यावर पाटी लावायची,
गाय शेजाऱ्याची.

शेवटी पत्रं लिहिली. दोन.
चाल एकाची, ध्वनिमुद्रण दुसऱ्याचं,
एकाच दाराला दोन कुलपं.

चालीची किल्ली कायानीला निघाली,
संगीतकाराच्या मुलीकडे, ऑर्वोक्की, वय चौऱ्याऐंशी.
तिने हाताने लिहिलं :
"हे गाणं वडिलांनी गालगुंड झालेलं असताना रचलं.
फुकट वाजवणारे पुष्कळ.
विचारणारी तू पहिली.
साठ युरो पाठव.
आणि होडी कुठल्या लाकडाची, तेही कळव."

पाइनची, मी कळवलं.

कंपनीला सात महिने लागले.
फॉर्ममध्ये किती देश, किती वर्षं, किती सेकंद,
सगळं भरत गेले,
आणि एका रकान्यापाशी अडले :
संगीत पार्श्वभूमीला आहे की अग्रभागी?
मी पेन ठेवलं. कॉफी केली.
माझ्यासाठी पार्श्वभूमीला, नक्कीच.
ऑर्वोक्कीने पाहिलं तर?
तिला ब्रश दिसेल, होडी दिसेल,
पण ऐकू येईल तिचा बाप.

शेवटी लिहिलं, पार्श्वभूमीला. दर कमी होता.

परवानगी आली. क्रमांक, तारीख, मुदत पाच वर्षं.
आवाज उघडला.
बाबा म्हणतात :
"या बाजूला अजून एक हात लागेल."
बस्स. आत्या त्यावर वीस मिनिटं रडली,
आणि मग म्हणाली, एवढंच?

पण त्याच्या पुढे, ब्रश पुन्हा चालू झाल्यावर,
ते रेडिओबरोबर गुणगुणतात.
बेसूर. एक ओळ मागे.
इतकी वर्षं त्यांच्या घरात राहून
मला ते ठाऊक नव्हतं.
त्याचे पैसे कोणी मागितले नाहीत,
फॉर्मवर त्याला रकानाच नव्हता.

पाच वर्षांनी पुन्हा पत्र लिहावं लागेल.
ऑर्वोक्की तेव्हा एकोणनव्वदची.
डबा अजून शेडमध्ये आहे,
झाकण घट्ट बसलंय.
येत्या जूनमध्ये उघडेन म्हणते,
त्या बाजूला एक हात राहिलाच आहे.