सावलीची वही

"चोरी नको लिहू," उरकुडा मास्तर म्हणाला,
"वाटप लिही."
मी खोडलं. वाटप लिहिलं.

सावलीवर पट्टी बसली त्या साली
मोहटोल्यात चिंचेखाली टेकायलाही पावती लागायची.
मालगुजाराच्या आमराईत मात्र
शंभर खंडी सावली नुसती पडून,
तिच्यात कुत्री झोपायची.
आणि वीटभट्टीवरच्या बाया
भर वैशाखात स्वतःच्याच सावलीत
लेकरं निजवायच्या, उभ्या राहून.

मास्तरची नोकरी गेली ती यावरूनच:
शाळेतल्या कडुनिंबाची सावली
त्यानं पोरांना फुकट दिली होती.

मग आम्ही सातजण.
दिवस कलला, सावल्या लांबल्या की
धानाच्या विळ्यानं बुंध्यापाशी कापायच्या,
ओल्या पोत्यांत घड्या घालायच्या,
वरून तणस, आणि अंधारात रेंगी हाकायची.
रात्री सावलीला वजन नसतं,
बैलांनाही कळत नाही आपण काय ओढतोय.
नाक्यावरच्या शिपायाला रुमालभर द्यायची,
तोही बिचारा टिनाखालीच राहायचा.

पहाटे भट्टीवर अंथरली की
बाया हात लावून बघायच्या. थंड.
एकीनं तर तोंड धुतलं तिनं.

मास्तर स्वतः उन्हात बसायचा.
एक वीतही घेतली नाही कधी,
वहीवर हात ठेवून सांगते.
कानाच्या पाळ्या सोलून निघाल्या होत्या त्याच्या.
शपथ एकच होती:
झाडाची घ्यायची, माणसाची नाही.

झिबलनं पायलीभर ठेवून घेतली.
"माय तापानं फणफणली, मास्तर," तो म्हणाला,
"टिनाचं घर हाय, तुमाले काय सांगू बाप्पा."
मास्तरनं सगळं ऐकून घेतलं.
मायला गुळवेल उकळून दे म्हणाला, किती वेळा ते सांगितलं.
मग म्हणाला, "एकानं ठेवली तं उद्या सारेच ठेवतीन,"
आणि विळा मागितला.

झिबल पळाला नाही.
पाय जुळवून उभा राहिला,
शाळेत प्रार्थनेला राहायचा तसा.
टाचेपाशी जरा चरचरलं, तेवढंच.

सव्वा पायली भरली.
त्याच दिवशी भट्टीवर एक बाळंतीण आली होती,
तिच्यावर पांघरली. पोर गाढ झोपलं.
हेही खरं आहे.

आता झिबल दुपारी रस्त्यानं निघाला की
बकऱ्या बुजतात.
माय त्याला दारातून बघते
आणि दिवा लावते, भर दिवसा.

"वर्गणी लिही," मास्तर म्हणाला.
मी चोरी लिहिलं.
त्यानं वही कंदिलापाशी नेली,
सवयीनं वेलांटी तपासली. दुसरी. बरोबर होती.
लाल पेन खिशातून काढलं,
परत ठेवलं.

बाहेर डोमा बैल जुंपत होता.
पोती भिजवायची राहिली होती.
मी उठले, बादली घेतली.